एकाच गटात

तो पुन्हा वयाच्या वाक्यापाशी अडखळला, तेव्हा ती उठली आणि दोन खुर्च्या सोडून भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

तोंडी परीक्षेआधी थांबायची लांबट खोली होती. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये जाण्यायेण्यापुरती वाट आणि टोकाला एक बंद दार. दारावर शांतता राखण्याची सूचना चिकटवलेली होती, तरी सगळी खोली पुटपुटत होती. जो तो आपल्या गुडघ्यांकडे बघत आपलं नाव, आपलं वय, आपला देश, आपलं गाव आपल्यालाच सांगत होता. एवढ्या मोठ्या माणसांना एकदम स्वतःची ओळख विसरायची धास्ती वाटताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

नवरा मधल्या रिकाम्या खुर्च्यांकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने त्यांतल्या एकीवर पाण्याची बाटली ठेवली, जागा धरल्यासारखी, आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागला. इश हाइसं. माझं नाव अमुक. इश बिन. मी इतक्या वर्षांचा. आकडा आला की त्याची गाडी रुळावरून घसरायची. जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक नंतर, एवढं साधं, पण तो दर वेळी पाच-पंचवीस वर्षांनी लहान नाहीतर मोठा व्हायचा. घरी असता तर तिने सांगितलं असतं. घरी तिने पुष्कळ दिवस सांगितलंही होतं, भांडी घासता घासता, मागे न बघता. आज सांगणार नव्हती.

तिला राग आला होता. पण तो आजचा नव्हता, आणि आकड्यांचा तर मुळीच नव्हता.

तो एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता. तिन्ही पाळ्यांचं जेवण त्याच्या हाताखालून जायचं. मग कारखान्याने जेवणाचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, डबे बंद होऊन गाडीतून यायला लागले, आणि मोठी पातेली भंगारात गेली. त्यानंतर तो घरी बसला. घरातली शेगडी तो इतकी पुसायचा की तिच्यावरची अक्षरंही पुसली गेली. ती काही बोलली नव्हती. रुग्णालयाच्या धुलाईघरातली तिची नोकरी होती, घर चालत होतं, आणि माणसाला सावरायला वेळ लागतो हे तिला कळत होतं. अशातच एका संध्याकाळी तो बाहेरून आला तो अगदी वेगळ्याच चेहऱ्याने. हातात पिशवी होती. पिशवीतून त्याने एकाच पुस्तकाच्या दोन प्रती काढल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

दादाच्या हॉटेलात जोडपं हवं आहे, त्याने सांगितलं. दादा म्हणजे तिचे थोरले दीर, बरीच वर्षं तिकडे जर्मनीत एका तळ्याकाठच्या हॉटेलात स्वयंपाकी होते. याने स्वयंपाकघरात काम करायचं, तिने खोल्या आणि धुलाई बघायची. राहायला वरच्या मजल्यावर खोली. मालकीणबाईंची अट एकच, दोघांनीही जर्मनची पहिली परीक्षा पास केली पाहिजे. एकटा कोणी चालणार नाही. क्लास सोमवारपासून. संध्याकाळची वेळ घेतली आहे, म्हणजे तिला कामावरून परस्पर येता येईल. त्याने सगळ्याचा विचार केला होता. ती भाजी चिरत ऐकत होती. तो बोलायचा थांबला तेव्हा तिने सुरी खाली ठेवली, कारण आता तो विचारेल असं तिला वाटलं.

त्याने विचारलं, पुस्तकांना कव्हर घालायला घरात कागद आहे का.

होता. तिने काढून दिला. तिने तो काढून दिला याचा राग तिला पुढे वर्षभर पुरला.

पुस्तकांना कव्हरं घालून झाल्यावर सगळं जणू ठरूनच गेलं. ठरल्याचं नातेवाइकांना कळलं, शेजाऱ्यांना कळलं, वाण्याला कळलं. लोक तिचं अभिनंदन करायचे. दोघं मिळून चालला आहात, नशीबवान आहेस, बाकीच्यांच्या बायका इथे वाट बघत बसतात. तिथेही चादरीच आणि इथेही चादरीच, तिला काय फरक पडणार, असं दादा फोनवर म्हणाल्याचं नवऱ्याने तिला हसत हसत सांगितलं. तिने तेव्हा दोऱ्यांनी बांधलेलं कपड्यांचं गाठोडं उघडायला घेतलं होतं. त्या दोऱ्या तिने सोडवायच्याऐवजी कापल्या.

चादरी सगळीकडे सारख्या, हे खरं. पण धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालायच्या टेबलापाशी उभी राहायला लागली तेव्हा तिला कोणी ओळखत नव्हतं, आणि आता त्या टेबलांची प्रमुख ती होती. वाफेचा रोलर चादर कुठे चावतो, कुठलं यंत्र कुरकुर करत असलं तरी चालतं आणि कुठलं गप्प झालं की पळायचं, शस्त्रक्रियेच्या खोलीचे कपडे कोणाच्या हाती द्यायचे आणि कोणाच्या नाही, हे तिला विचारून व्हायचं. सगळ्या तिला मोठ्या ताई म्हणत, वयाने मोठ्या असलेल्याही. हे सोडून जाणं म्हणजे काय, यावर नवऱ्याशी भांडावं असं तिला कितीदा वाटलं. पण भांडायलासुद्धा समोरच्याने काहीतरी विचारलेलं असावं लागतं.

क्लासमध्ये ती पहिल्या आठवड्यातच पुढे गेली. त्याचाही तिला रागच आला. आपल्याला ही भाषा आवडावी असं तिच्या मनात नव्हतं, पण वाक्यं तिच्या डोक्यात घडीसारखी बसायची, कोपऱ्याला कोपरा लागून. नवरा मात्र बाकावर घामाघूम होऊन बसायचा. शिकवणारे सर तरुण होते, उत्साही होते, आणि निकाल शंभर टक्के लावायच्या मागे होते. तोंडी परीक्षेत एक तक्ता समोर ठेवतात. त्यावर नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद असे शब्द असतात, आणि त्यांच्या आधाराने आपली ओळख करून द्यायची असते. सरांनी प्रत्येकाची ओळख स्वतः लिहून दिली होती. छोटी वाक्यं, सोपे शब्द. छंद बहुतेकांना त्यांनी संगीत दिला होता, कारण तो शब्द चुकायला अवघड.

तिच्या व्यवसायापुढे त्यांनी गृहिणी लिहिलं होतं.

तिने उभं राहून सांगितलं, की ती रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते, तिथे प्रमुख आहे. सरांनी मान हलवली. ते माहीत आहे मला, ते म्हणाले, पण तो शब्द लांब आहे, आणि लांब शब्द टाकला की परीक्षक आणखी काहीतरी विचारतात.

"लक्षात ठेवा," ते फळ्याकडे वळत सगळ्यांना म्हणाले, "ही खरं बोलायची परीक्षा नाही. बरोबर बोलायची परीक्षा आहे."

वर्ग हसला. नवराही हसला. ती खाली बसली, आणि त्याच संध्याकाळी, बसथांब्यावर त्याच्यापासून हातभर दूर उभी असताना, तिने ठरवलं की ती नापास होणार.

गवगवा न करता. जायचं नाही असं म्हटलं तर दहा माणसं समजवायला येतील, दादांचे फोन येतील, नवरा पुन्हा शेगडी पुसत बसेल आणि त्याचं खापर तिच्यावर फुटेल. नापास झालं की प्रश्नच मिटला. बायकोला नाही जमलं, बिचारीचं वय झालं, एवढंच लोक म्हणतील. म्हणू देत.

आज सकाळी लेखी परीक्षा झाली. तिथे ती चुका करणार होती. पण पेन हातात घेतल्यावर समोर बरोबर उत्तर दिसत असताना चुकीच्या चौकोनात फुली मारणं तिच्याच्याने होईना. दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा हात आपोआप बरोबर जागी गेला. वाकडी घडी बघून न बघितल्यासारखं करणं तिला कधी जमलंच नव्हतं. मग तिने तो नाद सोडला. तोंडीचं तसं नव्हतं. तिथे नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तिला जमत होतं. त्याचा सराव एका वर्षाचा नव्हता, लग्नापासूनचा होता.

दार उघडलं आणि चार क्रमांक पुकारले गेले. नवऱ्याने दोघांचे अर्ज एकदमच भरले होते, म्हणून क्रमांक लागोपाठचे होते, म्हणून गटही एकच. दारापाशी पोचेपर्यंत ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

आत एक मोठं टेबल होतं. पलीकडे दोघी परीक्षक बसल्या होत्या. एक परदेशी, पांढऱ्या आखूड केसांच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या. दुसऱ्या आपल्याकडच्याच, मान खाली घालून गुण मांडणाऱ्या. अलीकडे चार खुर्च्या. पहिलीवर एक आडदांड ट्रकचालक बसला, दुसरीवर नुकतंच लग्न झालेली एक मुलगी, जिचा नवरा जर्मनीत होता, आणि मग ती दोघं, तिसरीवर तो, चौथीवर ती. बाटली त्याने आतही आणली होती. ती त्याने टेबलावर ठेवली, मग काही चुकलं की काय असं वाटून मांडीवर घेतली.

परदेशी बाईंनी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा काढून सगळं समजावलं आणि तो तक्ता पुढे सरकवला.

ट्रकचालकाने सगळी ओळख एका दमात, हाळी दिल्यासारखी, म्हणून टाकली. छंदापाशी आल्यावर मात्र त्याने सरांचं संगीत बाजूला सारलं आणि झोप असं सांगितलं. परदेशी बाई हसल्या. नव्या नवरीने डोळे मिटून सगळं घडाघडा म्हटलं आणि फोन नंबर सांगायला सांगितल्यावर स्वतःचा सोडून नवऱ्याचा सांगितला. तोच तिला पाठ होता. कोणी चूक धरली नाही. परीक्षकांना आकडे हवे होते, नंबर कोणाचा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

मग नवऱ्याची पाळी आली.

नाव त्याने नीट सांगितलं. वयापाशी तो थांबला. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. त्याने एक आकडा सांगितला, त्या हिशेबाने तो तिच्या वडिलांच्या वयाचा होत होता. गुण मांडणाऱ्या बाईंचं पेन हललं. देश त्याने सांगितला, गाव सांगितलं, आणि भाषा या शब्दावर बोट ठेवून तो गप्प झाला.

खोलीत पंख्याचा आवाज होता. फार वेळ गेला असावा, कारण नव्या नवरीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पांढऱ्या केसांच्या बाईंनी हाताने हलकेच खूण केली, बोला, घाई नाही. त्याचे ओठ हलत होते. सरांनी लिहून दिलेलं वाक्य तो शोधत होता हे तिला कळत होतं, ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, आणि ती दात दाबून बसली होती.

"माइने फ्राउ," तो म्हणाला. माझी बायको.

हे सरांच्या ओळखीत कुठेच नव्हतं.

माझी बायको चांगलं जर्मन बोलते, तो म्हणाला. मी चांगलं बोलत नाही. शब्द सुटे सुटे येत होते, पण येत होते. मी आचारी. मी जर्मनीला जाणार. तिथे काम, तिथे भाऊ. तो पुन्हा थांबला, तक्त्याकडे बघितलं, त्यावर त्याच्या उपयोगाचं काही नव्हतं, आणि तक्त्यावरून नजर न उचलता त्याने सांगून टाकलं.

"माइने फ्राउ विल निष्ट."

माझ्या बायकोला नको आहे.

ट्रकचालक खो खो हसला. नव्या नवरीने तोंडावर हात धरला. पांढऱ्या केसांच्या बाईही हसल्या, मायेने, बायकोवर विनोद करणारा एक नवरा इथेही भेटला म्हणून हसावं तसं. नवरा त्यांच्याबरोबर हसला नाही. त्याने कपाळावरचा घाम पुसला, आणि आपलं झालं अशा अर्थी मान हलवली.

तिने टेबलावरचा कोरा कागद, जो खरं तर नोंदींसाठी होता, आपल्याकडे ओढला आणि त्याच्या कडा तळहाताने दाबत बसली. एक कड, मग दुसरी. कागद सपाटच होता.

म्हणजे याला माहीत होतं.

वर्षभर तिने स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती की याच्या लक्षातच आलेलं नाही. लक्षात न येणाऱ्या माणसाबरोबर संसार करता येतो; जगात निम्म्या बायका करतात. त्याच्याशेजारी झोपता येतं, त्याला आकडे शिकवता येतात. पण हा सगळं बघत होता. तिने कापलेल्या दोऱ्या, बसथांब्यावरचं हातभर अंतर, मागे न बघता दिलेली उत्तरं, सगळं. बघत होता आणि क्लासची वेळ ठरवत होता.

आणि त्याहून वाईट म्हणजे, तिचा नकारही त्यानेच देऊन टाकला होता. अनोळखी माणसांपुढे, तिच्या पाळीच्या आधी. जायचं तेही यानेच ठरवलं, आणि जायचं नाही तेही हाच सांगणार. तिने कधी तोंडाने नाही म्हटलेलं नव्हतं. मनातही पूर्ण म्हटलेलं होतं का? तिथवर ती कधी पोचलीच नव्हती. रागाने दार अडवून धरलं होतं, आत काय आहे हे बघायला सवडच झाली नव्हती. ते तळं कसं असेल, वरच्या मजल्यावरच्या खोलीला खिडकी असेल का, तिथली यंत्रं कशी आवाज करत असतील, यातलं काही तिने स्वतःला विचारू दिलं नव्हतं.

परदेशी बाईंनी तिच्याकडे बघून हात पुढे केला.

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. आता गप्प बसणं म्हणजे त्याच्या वाक्याखाली आपला अंगठा उमटवणं.

तिने कागद बाजूला सारला. नाव सांगितलं, पूर्ण, आणि न विचारताच त्याची अक्षरं एकेक करून सांगितली. वय सांगितलं, एककं आधी, दशकं नंतर. देश, गाव. किती भाषा येतात त्या मोजून सांगितल्या, शेवटी जर्मन, थोडी. व्यवसायापाशी तिने तो लांब शब्द घेतला आणि एका श्वासात पार केला. मी रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते. तिथे पुष्कळ बायका काम करतात. मी त्यांची प्रमुख आहे. काम चांगलं आहे, पण गरम आहे. छंद नाही, वेळ नाही. तिने आवाज चढवला नव्हता, पण गुण मांडणाऱ्या बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. या भाषेत तिला अजून एकही शिवी येत नव्हती, एकही टोमणा येत नव्हता. जेवढे शब्द होते तेवढे सगळे साधे होते आणि तिने ते एकेक करून टेबलावर ठेवले.

तिचं झालं तेव्हा परदेशी बाईंनी पुढे वाकून, अजून थोडं हसतच, सोप्या शब्दांत विचारलं, की तुम्हाला जर्मनीला जायचं नाही का.

नवऱ्याने मांडीवरची बाटली घट्ट धरली. प्लास्टिक कडकडलं.

"इश वाइस निष्ट," ती म्हणाली. मला माहीत नाही.

बाई वाट बघत होत्या. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही.

"माइन मान फ्राग्ट निष्ट."

माझा नवरा विचारत नाही.

ट्रकचालक या वेळी हसला नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यांचे डोळे तिच्यावरून तिसऱ्या खुर्चीकडे गेले आणि परत आले. त्यांनी चष्मा साखळीवरून उचलून डोळ्यांवर चढवला, जणू तिला आता नीट बघायचं होतं.

"झेअर गुट," त्या म्हणाल्या. फारच छान.

तिला हसावं की रडावं ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणापुढे हे बोलली होती, आणि त्याला गुण मिळाले होते.

पुढे चिठ्ठ्या उचलून एकमेकांना प्रश्न विचारायचे होते. नवऱ्याच्या वाट्याला खाण्यापिण्याची चिठ्ठी आली. तुला काय खायला आवडतं, असं त्याने तिला विचारलं, पाठ केलेलं, आणि विचारताना बघत होता परीक्षक बाईंकडे. इतकी वर्षं तिन्ही पाळ्यांच्या लोकांना जेवू घालणारा माणूस. तिने भात असं उत्तर दिलं, कारण तो शब्द छोटा होता, आणि मग आपल्या चिठ्ठीवरचा प्रश्न ट्रकचालकाला विचारला.

बाहेर पडल्यावर ती भरभर चालायला लागली. नवी नवरी कोणाशी तरी फोनवर बोलत मोठ्याने हसत होती. ट्रकचालकाने त्यांच्या बाजूने जाताना नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे बघून न बोलताच पुढे गेला. जिन्याच्या मधल्या वळणावर नवऱ्याने तिला गाठलं. त्याला धाप लागली होती.

"तू पास आहेस," तो म्हणाला. "बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना."

ती थांबली.

"तुम्हाला माहीत होतं?"

तो कशाबद्दल असं विचारेल असं तिला वाटलं होतं. त्याने विचारलं नाही.

"हो."

"कधीपासून?"

"पुस्तकं आणली तेव्हापासून. तू सुरी खाली ठेवलीस."

खालच्या मजल्यावर कोणीतरी दार आपटलं. एक शिपाई रिकाम्या पेल्यांचा ट्रे घेऊन वर येत होता, तो जाईपर्यंत दोघं कठड्याला लागून उभी राहिली, लग्नाच्या फोटोसारखी, शेजारी शेजारी, समोर बघत.

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला. "मग मी काय करायचं होतं? घरी बसून राहायचं?"

त्यात तक्रार नव्हती. तो तिला हिशेब समजावून सांगत होता. एवढा सरळ हिशेब, आणि हिला कसा कळला नाही, असं त्याच्या आवाजात होतं. वर्षभराचा राग एकदम वर आला आणि त्या रागाच्या मागून, तिला काही कळायच्या आत, तिच्या तोंडून निघून गेलं.

"हो म्हणाले असते."

हे आपण आत्ता काय बोललो ते ती स्वतःशीच तपासून बघत होती, आणि ते खोटं नव्हतं. खरं होतं का, तेही सांगता येत नव्हतं. त्या संध्याकाळी, सुरी खाली ठेवल्यावर, त्याने विचारलं असतं तर. त्या संध्याकाळी.

"आणि आता?" असं तो विचारेल म्हणून ती थांबली. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते, परीक्षकांसमोर होते तसेच भ्यालेले.

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो काढून पाहिला आणि सवयीने अंगठा उत्तराच्या बटणाकडे गेला. मग तिथेच थांबला.

"दादा आहे," तो म्हणाला. "दादाला काय सांगू?"

तिने पदर खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचला, धुलाईघरात कामाला उभं राहताना खोचायची तसा.

"सांगा, तिची तोंडी झाली," ती म्हणाली. "तुमची अजून व्हायची आहे."

फोन वाजत राहिला. जिन्याच्या दगडी भिंतींत त्याचा आवाज मोठा होऊन घुमत होता. खालून कोणीतरी वर बघितलं. तो वाजून वाजून बंद झाला, तेव्हा नवऱ्याने तो खिशात टाकला, पाण्याची बाटली कठड्यावर ठेवली, आणि एक पायरी खाली उतरून तिच्याकडे तोंड करून उभा राहिला. आता तिला त्याच्याकडे बघायला मान वर करावी लागत नव्हती.

तिने परीक्षक बाईंसारखी हाताने खूण केली नाही.

त्याने घसा खाकरला.